सूर्य बुडाल्यावर आणखी थोडा वेळ थांबा

प्रश्न : मी ४६ वर्षांची असून बँकेत अधिकारी आहे. गेल्या वर्षी नाशिकहून माझी रत्नागिरीला बदली झाली. यजमान आणि बारावीतली मुलगी नाशिकलाच आहेत. मी येथे भाड्याच्या खोलीत एकटी राहते. सुरुवातीला मन फार अस्वस्थ असे, म्हणून एका सहकारी मैत्रिणीच्या सांगण्यावरून संध्याकाळी भाट्याच्या किनाऱ्यावर जाऊ लागले आणि तेथे सूर्यास्ताचे फोटो काढण्याचा छंद जडला. पुढे चांगला मिररलेस कॅमेराही घेतला. पहिले काही महिने खरोखर बरे वाटले. आता मात्र उलटेच झाले आहे. सूर्य खाली येऊ लागला की माझी धावपळ सुरू होते. शे-दीडशे फोटो काढते, प्रत्येक फोटो तिथल्या तिथे तपासते, आणि ढग आले तर संध्याकाळ फुकट गेली असे वाटते. रात्री फोटो निवडणे, त्यांचे रंग सुधारणे, ग्रुपवर टाकणे आणि कोणी काय म्हटले ते पाहत बसणे, यात झोपेचे खोबरे होते. परवा मुलगी फोनवर म्हणाली, ‘आई, फोटो नको, आज समुद्र कसा होता ते सांग.’ मला काही सांगताच आले नाही. शांत होण्यासाठी जे सुरू केले, त्यानेच मी अशांत झाले आहे का? कॅमेरा बंद करून ठेवू का?
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : सप्रेम नमस्कार.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देते. कॅमेरा बंद करून ठेवू नका. परक्या गावात एकटे राहत असताना रोज संध्याकाळी घराबाहेर पडायला लावील अशी एक गोष्ट तुम्हाला सापडली आहे, आणि ती सोडलीत तर तुम्ही कॅमेऱ्याविना किनाऱ्यावर जाल असे मला वाटत नाही. बहुधा जाणेच बंद होईल. शिवाय पहिल्या काही महिन्यांत फोटो काढूनच तुम्हाला बरे वाटले होते, हे तुम्हीच लिहिले आहे. तेव्हा फोटो काढण्यात काही बिघडलेले नाही. तो कोणासाठी काढायचा, हे मात्र तुमच्या नकळत बदलले आहे. पूर्वी तुम्ही समुद्र पाहत होता आणि पाहता पाहता फोटो काढत होता. आता ग्रुपवरच्या मंडळींना काय आवडेल ते तुम्ही त्यांच्या वतीने शोधत असता, आणि त्या शोधात तुमची स्वतःची संध्याकाळ हातची निघून जाते.

या फरकाचा मानसशास्त्रज्ञांनीही अभ्यास केला आहे. अमेरिकेतील लिंडा हेंकेल यांनी एका संग्रहालयात केलेले प्रयोग २०१४ साली प्रसिद्ध झाले. त्यांत लोकांना काही वस्तूंचे फोटो काढायला आणि काही वस्तू नुसत्या पाहायला सांगितले होते. दुसऱ्या दिवशी त्यांना फोटो काढलेल्या वस्तू कमी आठवल्या. आठवण ठेवण्याचे काम कॅमेऱ्यावर सोपवले की मन ते अंगाबाहेर टाकते, असा त्याचा अर्थ लावता येतो. मात्र त्याच अभ्यासात वस्तूच्या एखाद्या भागावर झूम करून फोटो काढला असेल, तर स्मरणात अशी घट दिसली नाही, आणि तुमच्या दृष्टीने मला हाच निष्कर्ष अधिक मोलाचा वाटतो. पुढे २०१६ मध्ये क्रिस्टिन डील आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असे आढळले की फोटो काढणारी माणसे समोरच्या अनुभवात अधिक गुंततात आणि त्यांना त्याचा आनंदही पुष्कळदा अधिक मिळतो. पण २०१८ च्या त्यांच्या आणखी एका अभ्यासात, समाजमाध्यमांवर टाकण्याच्या हेतूने फोटो काढणाऱ्यांचा आनंद घटलेला दिसला, कारण आपण लोकांना कसे दिसू ही काळजी मध्ये येते. आरंभीचे तुमचे बरे वाटणे आणि आताची तगमग या दोन्हींचे कारण मला येथे दिसते.

आता त्या धावपळीविषयी. बिंबाची खालची कड क्षितिजाला टेकल्यापासून ते पूर्ण बुडेपर्यंत आपल्या कोकणात जेमतेम सव्वादोन मिनिटे लागतात. पृथ्वी चार मिनिटांत एक अंश फिरते आणि सूर्यबिंबाची दिसणारी रुंदी अर्धा अंश आहे, त्यामुळे हा वेळ जवळपास ठरलेला आहे. हवेतून येताना किरण वाकतात म्हणून बिंब पाण्याला टेकलेले दिसते, त्या वेळी सूर्य खरे तर क्षितिजाखाली गेलेलाच असतो. एवढ्या चिंचोळ्या अवधीत जागा निवडायची, कॅमेऱ्याची जुळवाजुळव करायची, शे-दीडशे वेळा बटण दाबायचे आणि वर प्रत्येक फोटो तपासायचा, असे ठरवले तर कोणाचाही जीव कासावीस होईल. म्हणून माझी पहिली सूचना अशी आहे की पुढचे दोन-तीन आठवडे बुडत्या बिंबाचा एकही फोटो काढू नका. ते पुरेसे मंद आणि लाल झाले असेल तर नुसते पाहा, डोळ्यांना झोंबत असेल तर पाहूही नका, आणि कॅमेरा त्यानंतर हातात घ्या.

हे ऐकायला विचित्र वाटेल, पण बिंब बुडताच किनाऱ्यावरची बहुतेक मंडळी कपड्यांवरची वाळू झटकून उठतात, तेव्हा आकाशातले सर्वांत सुंदर रंग अजून यायचे असतात. सूर्य क्षितिजाखाली सहा अंश उतरेपर्यंतच्या काळाला नागरी संधिप्रकाश म्हणतात आणि तो आपल्याकडे बावीस-चोवीस मिनिटे टिकतो. खाली वाळूवर उभ्या असलेल्या तुमच्यासाठी सूर्य मावळलेला असतो, पण सात-आठ किलोमीटर उंचीवरच्या पिसासारख्या ढगांवर त्याचे ऊन अजून पडत असते. त्यामुळे ते खालच्या अंगाने उजळतात, आधी केशरी, मग गुलाबी होतात, आणि हे सगळे पुष्कळदा सूर्य बुडाल्यावर दहा-पंधरा मिनिटांनी घडते. ढग आले की संध्याकाळ फुकट गेली, असे तुम्ही लिहिता. माझे मत नेमके उलट आहे. स्वच्छ आकाशाकडे रंग झेलायला काही नसते. पश्चिमेला क्षितिजाजवळ दाट ढगांची भिंत असेल, तर प्रकाश अडतो आणि रंग येत नाहीत हे खरे. पण विरळ, उंच ढगांच्या संध्याकाळी लवकर उठून येऊ नका. हिवाळ्यात हवेतल्या धुरकट थरामुळे बिंब कित्येकदा पाण्याला टेकण्याआधीच फिकट होऊन विरून जाते, आणि त्या दिवशी ‘सूर्यास्त दिसलाच नाही’ म्हणून चुटपुट लागणाऱ्यांपैकी तुम्ही असाल, तर त्या चुटपुटीवरही हाच उपाय आहे.

तुमच्या नोकरीच्या वेळेशीही हे चांगले जुळते. वर्षातला सर्वांत लहान दिवस डिसेंबरच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात येत असला, तरी सर्वांत लवकरचा सूर्यास्त त्याआधी, नोव्हेंबरअखेरीस असतो, आणि तेव्हा रत्नागिरीत सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. जुलैच्या आरंभी हीच वेळ सव्वासातच्या आसपास जाते. थंडीच्या दिवसांत बँकेतून सहाला निघून बिंब गाठायचे म्हटले, तर तुम्ही रोज हरलेलीच शर्यत धावणार. सूर्य बुडाल्यानंतरच्या प्रकाशासाठी निघालात, तर भाट्याचा पूल ओलांडताना घड्याळाकडे पाहण्याचे कारण उरत नाही. दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी तुम्हाला सुट्टी असते. ते दिवस मात्र पाचपासून निवांत बसण्यासाठी राखून ठेवा.

जागाही एकच निवडा आणि निदान काही महिने ती बदलू नका. आपल्या अक्षांशावर मावळतीची जागा जूनमध्ये पश्चिमेच्या सुमारे २५ अंश उत्तरेला असते आणि डिसेंबरमध्ये तितकीच दक्षिणेला सरकते. म्हणजे तुम्ही सुरूच्या बनासमोर एका ठिकाणी स्थिर उभ्या राहिलात, तरी वर्षभरात समोरचे चित्र आपोआप बदलत राहील. नव्या जागेच्या शोधात किनाराभर फिरणे हा तुमच्या दमणुकीचा मोठा भाग आहे, असे मला पत्रावरून वाटते.

समुद्राचे वेळापत्रक मात्र सूर्यापेक्षा वेगळे आहे, आणि ते समजून घेतले तर रोजच्या संध्याकाळीत गोडी वाढेल. किनाऱ्यावरची जुनी माणसे तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात: चतुर्थीला चाराची पाऊणपट तीन, म्हणून तीनच्या सुमारास पूर्ण भरती, अष्टमीला सहाच्या सुमारास. हिशेब ठोकळ आहे आणि गावागणिक अर्धा-एक तास इकडेतिकडे होतो, पण रोज भरती सुमारे पन्नास मिनिटे पुढे सरकते, हे त्यात साधारणपणे बसते. याचा अर्थ असा की अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, उधाणाच्या दिवसांत, दुपारी बारापूर्वी भरती येऊन जाते आणि संध्याकाळी ओहोटी असते. पाणी दूर गेलेले असते आणि मागे राहिलेल्या ओल्या वाळूत सगळे आकाश उतरते. अष्टमीला पाणी भरलेले असते, पण ती भांगाची भरती असल्याने फार वर चढत नाही. दशमी-एकादशीला सूर्यास्ताच्या वेळी पाणी चढते असते. त्या दिवशी खाडीच्या तोंडाकडे किंवा खडकांवर जाऊ नका, आणि पावसाळ्यात तर कॅमेऱ्यात डोळा घालून पाण्याला पाठ मुळीच दाखवू नका.

ओहोटीच्या अशाच एखाद्या संध्याकाळी मी सांगते ते काम करून पाहा. पोचल्यावर पहिली दहा-पंधरा मिनिटे कॅमेरा पिशवीतच असू द्या आणि पायाखाली पाहा. ओल्या वाळूत बारीक खेकड्यांची बिळे दिसतील आणि प्रत्येक बिळाभोवती मोहरीएवढ्या वाळूच्या गोळ्यांच्या रांगा बाहेरच्या दिशेने पसरलेल्या असतील. खेकडा वाळू तोंडात घेतो, तिच्यातले अन्नाचे कण खातो आणि उरलेल्या वाळूची गोळी करून मागे टाकतो; तुमची सावली पडली की तो बिळात जातो, तुम्ही स्थिर राहिलात की काही वेळाने बाहेर येतो आणि सोडलेल्या जागेपासून काम पुढे चालू करतो. पुढची भरती सगळे पुसून टाकते. याचा एक फोटो जवळून काढा, घाई न करता. हेंकेल यांच्या अभ्यासातला तपशिलावर झूम करण्याचा मुद्दा मी याचसाठी सांगितला.

त्यानंतर, बिंब बुडाल्यावर, तिकाटणे म्हणजे ट्रायपॉड ओल्या वाळूत नीट दाबून उभा करा, आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश-संवेदनशीलता) १०० ठेवा आणि शटरचा वेग अर्धा सेकंद मिळेल अशी जुळणी करा. आता लाट फुटताना बटण दाबू नका. तिला येऊ द्या, वाळूवर पसरू द्या, वरच्या टोकाला क्षणभर थबकू द्या, आणि पाणी परत फिरताना दाबा. परतणाऱ्या पाण्याच्या फेसाच्या रेघा अर्ध्या सेकंदात लांबट उमटतात आणि त्यांच्या मधल्या पातळ पाण्यात आकाशाचा रंग येतो. एक लाट तुमच्यापर्यंत पोचणारच नाही, दुसरी आडवी येऊन पहिलीला कापून जाईल, तिसरी नको तितकी वर येऊन ट्रायपॉडच्या पायाखालची वाळू ओढून नेईल आणि कॅमेरा किंचित कलेल. पुन्हा सरळ करायचा, पुन्हा थांबायचे. या कामात तुम्हाला समुद्राची वाट पाहावीच लागते. तो तुमच्यासाठी लवकर करत नाही आणि उशीरही करत नाही. मन शांत करण्याचा वेगळा प्रयत्न मग करावा लागत नाही, कारण त्याला लाटेच्या परतण्याकडे लक्ष ठेवण्याचे खरेखुरे काम मिळालेले असते आणि बँकेतली दिवसभराची फाइल त्यात मावत नाही. छायाचित्रणातून मिळणारी शांतता मला तरी अशीच ठाऊक आहे. ती समोरच्या दृश्याच्या सौंदर्यातून जेवढी येते, त्याहून अधिक अशा बारीक, संथ, हाताने करायच्या कामातून येते.

फोटोंची संख्या आपोआप कमी होईल, तरी आरंभी मर्यादा घालून घ्या. रोलच्या काळात छत्तीस फोटोंचा रोल घरातल्या एखाद्या लग्नालाही जपून वापरत. तुम्ही एका संध्याकाळी दहा-बारा ठरवा. फोटो काढल्यावर तो पडद्यावर आपोआप दिसण्याची सोय कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये बंद करता येते. ती आजच बंद करा. तिथल्या तिथे तपासणे ही मला तुमच्या पत्रातली सर्वांत घातक सवय वाटते, कारण पडद्यावर मागची लाट पाहत असताना पुढच्या चार लाटा निघून जातात आणि वर आपण कमी पडलो असे वाटते. रात्रीचे रंग सुधारण्याचे कामही बरेचसे किनाऱ्यावरच टाळता येते. स्वयंचलित व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगछटा जुळवणारी सोय, संध्याकाळचा केशरीपणा बिघाड समजून पुसायला पाहतो, म्हणून तो ‘डेलाइट’वर किंवा ‘क्लाउडी’वर ठेवा, आणि प्रकाशाचे मोजमाप आकाशावरून घ्या, वाळू काळोखी आली तरी चालेल. घरी गेल्यावर भिंग किंचित ओल्या मऊ कापडाने पुसा, कारण खारा थर कोरड्या कापडाने घासला तर भिंगावर ओरखडे पडतात. कॅमेरा जागेवर ठेवा आणि त्या रात्री फोटो पाहू नका. रविवारी सकाळी आठवड्याचे सगळे एकदम पाहा. मधल्या दिवसांत काही फोटो तुमच्या स्मरणात राहतील, काही राहणार नाहीत, आणि निवड तुमच्या नकळत होऊन गेलेली असेल.

ग्रुपविषयी मी थोडी कठोर होते. निदान दोन महिने तेथे सूर्यास्ताचा फोटो टाकू नका. त्यातली माणसे वाईट आहेत असे मी म्हणत नाही; पण रात्री रिकाम्या खोलीत कोणी तरी बोलावे, विचारावे, ही तुमची गरज अंगठ्याच्या आणि फुलाच्या चिन्हांनी भागत नाही, म्हणूनच तुम्ही पुन्हा पुन्हा फोन उघडून पाहता. ती गरज अगदी रास्त आहे. ती जेथे भागेल तेथे न्या. तुमच्या मुलीने फोटो नको, समुद्र कसा होता ते सांग, असे म्हटले. पत्रातले हे वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचले. बारावीच्या अभ्यासाच्या ताणात असलेली मुलगी आईचा आवाज मागते आहे. तेव्हा किनाऱ्यावरून निघण्याआधी, गाडी सुरू करण्याआधी, तिला फोन करा आणि त्या दिवशी पाहिलेली एकच गोष्ट सांगा: खेकडा बिळात गेला तो परत कधी आला, पाणी कुठवर होते, ढगाचा रंग कधी विझला. सुरुवातीला शब्द सापडणार नाहीत, तरी सांगा. तिला सांगायचे आहे हे मनात असले की पाहणेही बदलते, आणि हे ग्रुपसाठी पाहण्यासारखे नाही, कारण तिला तुमचा फोटो चांगला आला की नाही याच्याशी काही देणेघेणे नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये तिची परीक्षा आहे. ती संपली की तिला आणि यजमानांना चार दिवस रत्नागिरीला बोलवा, आणि तिथी पाहून बोलवा, म्हणजे संध्याकाळी ओहोटी मिळेल.

एक गोष्ट मात्र कॅमेऱ्यावर सोडू नका. फोटोंचे जागरण थांबवूनही तीन-चार आठवड्यांत झोप सुधारली नाही, सकाळी उठताना जड वाटत राहिले, जेवणावरची आणि कामावरची इच्छा उडाली, किंवा किनाऱ्यावर जाण्याचाही कंटाळा येऊ लागला, तर ते केवळ बदलीचे दुःख म्हणून अंगावर काढू नका. रत्नागिरीत मानसोपचारतज्ज्ञ आहेत, त्यांना भेटा. प्रत्यक्ष जायला मन धजत नसेल, तर सरकारच्या ‘टेली-मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, तो रात्रीही लागतो आणि तेथे मराठीतून बोलता येते. यजमानांनाही हे सगळे, जसे मला लिहिले तसे, एकदा सांगा. तुमच्या पत्रात त्यांचा उल्लेख ते नाशिकला असतात एवढाच आहे, आणि तुम्ही इथे कशा राहता हे त्यांना ठाऊक असायला हवे.